सुनील दत्त: नट, पदयात्री, खासदार (आणि आपल्या बार्शीचं हॉस्पिटल)

मॅटिनी_शो

निवडणूक जवळ आली की कुठला तरी नट कुठल्या तरी पक्षाचं उपरणं गळ्यात घालतो आणि आपण सोलापूरच्या पार्क चौकात चहा पीत त्याची टर उडवतो. टर उडवण्याजोगे बरेच आहेत, नाही असं नाही. राजेश खन्ना १९९१ ला नवी दिल्लीत अडवाणींसमोर दीड-एक हजार मतांनी पडला, ९२ च्या पोटनिवडणुकीत आला, पण खासदार म्हणून त्याने काय केलं हे विचारलं तर चटकन कुणाला सांगता येत नाही. अमिताभ ८४ ला अलाहाबादेत बहुगुणांना पाडून आला आणि ८७ ला राजीनामा देऊन मोकळा झाला. धर्मेंद्रने बिकानेरची एक टर्म कशीबशी काढली. गोविंदाने २००४ ला राम नाईकांना पाडलं, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

या रांगेत एक माणूस मला बसवता येत नाही. सुनील दत्त. सिनेमामुळे मिळालेली ओळख त्यांनी मतं मिळवायला वापरलीच, पण जिथे मतं जायची भीती होती तिथे जास्त वापरली, असं माझं म्हणणं. पटत नसेल तर भांडा, त्यासाठीच धागा काढलाय.

आधी थोडी जन्मकुंडली. ६ जून १९२९, झेलम जिल्ह्यातलं खुर्द नावाचं गाव. मूळ नाव बलराज दत्त. पाच वर्षांचे असताना वडील वारले. फाळणीच्या दंगलीत घरच्यांना वाचवलं ते वडिलांच्या याकूब नावाच्या मुसलमान मित्राने. कुटुंब आजच्या हरियाणात, यमुनानगरकडे मंडोली गावात येऊन पडलं. बलराज पुढे लखनौ करत मुंबईला. शिक्षण जयहिंद कॉलेजात, पोटासाठी बेस्टमध्ये नोकरी, मग रेडिओ सिलोनवर निवेदक. तिथे नर्गिसची मुलाखत घ्यायची वेळ आली तर गड्याच्या तोंडातून शब्द फुटेना, शेवटी कार्यक्रमच रद्द करावा लागला. १९५५ ला रमेश सैगलच्या 'रेल्वे प्लॅटफॉर्म'मधून पडद्यावर आले. बलराज साहनी आधीच नावारूपाला आलेले, म्हणून हे 'सुनील' झाले.

याकूबची गोष्ट डोक्यात ठेवा. १९९३ ला लागणार आहे.

---

शेंगाचटणी

बसलो बे, पहिल्या रांगेत. मॅटिनीशेठचा धागा म्हणजे अर्धा सिनेमा अर्धं राजकारण आणि मधे मारामारी.

'मदर इंडिया'च्या आगीबद्दल लिहा की राव.

---

मॅटिनी_शो

लिहितो. गुजरातेत शूटिंग चाललेलं, गवताच्या गंजी पेटवलेल्या. वारा फिरला आणि नर्गिस आत अडकली. दत्त आत घुसले, तिला बाहेर काढली, स्वतः भाजून अंथरुणाला खिळले. शुश्रूषा नर्गिसने केली. पडद्यावर ती आई आणि हा तिचा बिरजू. सिनेमा १९५७ चा, लग्न ११ मार्च १९५८ चं. तेव्हा ती केवढी मोठी स्टार आणि हा कालचा पोरगा. चर्चा काय झाली असेल याचा अंदाज करा.

मला मात्र आगीपेक्षा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. ६२ च्या चीन युद्धानंतर हे दोघं 'अजंता आर्ट्स'चा ताफा घेऊन सरहद्दीवर जवानांपुढे कार्यक्रम करत हिंडले. लडाखसारख्या ठिकाणी, त्या थंडीत. राजकारणात यायला अजून वीस-बावीस वर्षं होती, तेव्हा हे तिकिटासाठी होतं असं म्हणायलाही जागा नाही.

---

दक्षिणकसबा_आज्जी

तुम्ही सगळे पुरुष राजकारणावर घसरणार हे ठाऊक होतं म्हणून आधीच लिहून ठेवते. सुनील दत्तचे दोन चांगले सिनेमे सोलापूरच्या लेकीशिवाय पुरे होत नाहीत. शशिकला जवळकर आपल्या इथल्या, जन्म सोलापूरचा. 'सुजाता'त (१९५९) ती घरची सख्खी मुलगी, नूतन सांभाळलेली, अस्पृश्य घरातली. अधीर (म्हणजे सुनील दत्त) हा ब्राह्मणाचा मुलगा, घरचे त्याला शशिकलासाठी बघतायत आणि त्याचा जीव नूतनवर. ते टेलिफोनवरचं अख्खं गाणं आठवा. इकडे हा रिसीव्हर धरून गातोय, तिकडे नूतन एक शब्द न बोलता नुसती ऐकतेय. आमच्या वेळच्या मुली त्या एका गाण्यासाठी पुन्हा भागवत टॉकीजला जायच्या.

मग १९६३ चा 'गुमराह'. त्यात शशिकला सुनील दत्तची बायको म्हणवून येते आणि माला सिन्हाला पैशासाठी असं पिळते की थिएटरात बायका बोटं मोडायच्या. फिल्मफेअर मिळालं तिला त्यासाठी. माहेरची माणसं शिव्या देतात ही काय कमी पावती?

आता बोला तुमचं राजकारण.

---

हुरडा_सीझन

आज्जी जिंदाबाद. शशिकला सोलापूरच्या हे मला आज कळलं. शहराने कधी धड सांगितलंच नाही.

---

चादर_नंबर_वन

विरोधी पक्ष हजर आहे.

नट म्हणून ते चांगलेच होते, मान्य. राजकारणाचं बोलू. १९८४. इंदिरा गांधींची हत्या झालेली, सहानुभूतीची लाट आलेली, काँग्रेसने चारशेवर जागा नेल्या. त्या वर्षी विजेच्या खांबाला हाताचा पंजा चिकटवला असता तरी तो निवडून आला असता. वायव्य मुंबईत समोर राम जेठमलानी होते, वकील म्हणून केवढा माणूस. लोकांनी मत कुणाला दिलं? बिरजूला. यात दत्तांचं कर्तृत्व काय?

दुसरं, संसदेत त्यांचं एखादं गाजलेलं भाषण, त्यांनी आणलेलं एखादं विधेयक सांगा. मला आठवत नाही.

---

मॅटिनी_शो

८४ चं सोडून देतो, लाट होतीच. पण ८९ घ्या. तेव्हा लाट उलटी होती, बोफोर्स तोफांच्या प्रकरणाने काँग्रेसचं पानिपत केलं होतं, देशात दोनशेच्या आत आली. तरी वायव्य मुंबईत दत्त आले. ९१ ला परत आले. खांबाला तीनदा कोण निवडून देतं?

विधेयकाचं म्हणाल तर त्या बाबतीत पाटी जवळपास कोरी आहे हे खरं. ते कायदे करणारे खासदार नव्हते. मतदारसंघातल्या झोपडपट्टीत हिंडणारे, कुणाचं रेशनकार्ड, कुणाला दवाखान्यात खाट, असल्या कामाचे खासदार होते. तुम्हाला ते कमी वाटत असेल. मला वाटत नाही.

---

मु_पो_अंधेरी

मूळचा सोलापूरचा, सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून इकडे आलो आणि इथलाच झालो. मतदारसंघ दत्तांचाच. आमच्या चाळीत अर्धे शिवसेनेचे. तेसुद्धा दत्तांना 'दत्तसाहेब' म्हणायचे आणि मत धनुष्यबाणाला द्यायचे. सभेत उभं राहून बोलायला लागले की भाषण पडायचं, आवाजात जोर नसायचा. खाली उतरून हात हातात घेतला की समोरचा गारद. नटाचं कसब म्हणा किंवा स्वभाव म्हणा. मी तरी फरक शोधायच्या भानगडीत पडलो नाही.

---

साखरपेठ_अण्णा

आमच्या पूर्व भागात, सोलापूरच्या तेलुगू वस्तीत, हा वाद ऐकून लोक हसतील. नट राजकारणात आला म्हणजे कसा येतो ते आंध्रच्या एनटीआरने (एन. टी. रामाराव) दाखवलं. मार्च १९८२ मध्ये तेलुगू देसम काढली आणि जानेवारी ८३ मध्ये मुख्यमंत्री. नऊ-दहा महिने! आमच्याकडे मागावर बसलेली माणसं पण रेडिओला कान लावून होती तेव्हा, आंध्रात मत नसलं म्हणून काय झालं. तिकडे तमिळनाडूत नट एमजीआर ७७ लाच मुख्यमंत्री झालेले.

तुमच्या हिंदीवाल्यांनी काय केलं? दुसऱ्याने काढलेल्या पक्षाचं तिकीट घेतलं आणि मागच्या बाकावर बसले. एक तरी मुख्यमंत्री झाला का हिंदी नट?

---

मॅटिनी_शो

अण्णा, मुद्दा वजनदार आहे, पण कारण बघा. एनटीआरचा प्रेक्षक आणि एनटीआरचा मतदार एकच होता. एक भाषा, एक राज्य, आणि पडद्यावर राम-कृष्ण तेच. 'तेलुगू माणसाचा स्वाभिमान' म्हटलं की सगळं जुळून आलं. हिंदी नटाचा प्रेक्षक पेशावरपासून पाटण्यापर्यंत पसरलेला. तो कुणाचा स्वाभिमान सांगणार? दत्त पंजाबी, प्रेक्षक सगळ्या देशाचा, मतदारसंघ मुंबईचा. त्याला पक्षाच्या छत्रीखाली उभं राहण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणूनच हिंदी नटाकडे एकच गोष्ट उरते: तो देशात कुठेही गेला तरी लोक त्याला ओळखतात. दत्तांनी ती कुठे खर्च केली ते १९८७ ला दिसलं.

---

वाळवंट_पंढरपूर

८७ म्हणजे पदयात्रा ना? लिहा लिहा, चालण्याचं आलं की आमचा जिल्हा जागा होतो.

---

मॅटिनी_शो

तीच. पंजाब पेटलेला होता. ८४ ला ऑपरेशन ब्लू स्टार, मग इंदिराजींची हत्या, मग दिल्लीत शिखांचं शिरकाण, मग रोज बसमधून उतरवून माणसं मारल्याच्या बातम्या. त्या काळात सत्ताधारी पक्षाचा एक खासदार मुंबईहून निघाला आणि चालत अमृतसरला सुवर्णमंदिरात गेला. सुमारे दोन हजार किलोमीटर, ७८ दिवस. वय सत्तावन्न. सोबत मुलगी प्रिया, विशीतली.

आता हिशोब करा. काँग्रेसच्या खासदाराला तेव्हा पंजाबात जीवाची भीती होती. आणि मुंबईच्या मतदारसंघात या चालण्याने एक मत वाढणार नव्हतं. वाटेत गावोगाव थांबून छोट्या सभा, हिंदू-शीख सलोख्याच्या. पुढच्या वर्षी जपानला जाऊन नागासाकी ते हिरोशिमा चालले, अण्वस्त्रांविरुद्ध.

---

वाळवंट_पंढरपूर

आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर. अठरा-वीस दिवस लागतात, आणि सोबत टाळ-मृदंग, दिंडीचा स्वयंपाक, वाटेवर पाय चेपून देणारी माणसं असतात. तरी वाखरीला पोचेपर्यंत तळव्याचे फोड फुटून परत धरलेले असतात. त्याच्या आठपट चालायचं म्हणजे काय हे एसीत बसून 'स्टंट' म्हणणाऱ्याला कळायचं नाही. माउली म्हणायचं आणि गप्प बसायचं.

---

चादर_नंबर_वन

मी स्टंट म्हटलेलं नाही अजून. म्हणणार होतो, आता नाही म्हणत. माउलींसमोर कोण बोलणार.

पण विचारतो: त्या चालण्याने पंजाब शांत झाला का? त्यानंतरही पाच-सहा वर्षं माणसं मरतच होती.

---

मॅटिनी_शो

नाही झाला. एका माणसाच्या चालण्याने दहशतवाद संपत नसतो. पण पक्षातल्या बाकीच्या लोकांनी तेव्हा काय केलं ते पण सांगा म्हणजे तुलना होईल.

---

वैराग_व्हाया_बार्शी

धाग्याच्या नावात बार्शी आहे आणि एवढे प्रतिसाद झाले तरी बार्शी आली नाही. भगवंताच्या नगरीचा अपमान सहन केला जाणार नाही.

---

नर्सताई

मी लिहिते. तालुक्याच्या गावी आरोग्य खात्यात नोकरी केली, आता निवृत्त.

नर्गिस ३ मे १९८१ ला गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये उपचार झालेले. संजय दत्तचा पहिला सिनेमा 'रॉकी' त्याच आठवड्यात लागायचा होता, प्रीमियरला तिच्या नावाची खुर्ची रिकामी ठेवली होती. दत्तांनी तिच्या नावाने फाउंडेशन काढलं, कॅन्सरसाठी पैसा उभा करायला लागले. त्यातूनच पुढे समाजकार्य आणि राजकारण असं वळण लागलं असं म्हणतात. ८२ च्या सुमाराला मुंबईचे शेरीफ होते, तो नुसता मानाचा हुद्दा.

आता बार्शी. तिथल्या कॅन्सर हॉस्पिटलला नर्गिस दत्त यांचं नाव आहे हे आपल्या जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल. पण त्या नावाखाली काय झालं ते सोलापुरातल्या शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसतं.

१९८७ ला बार्शीत कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. देशातली पहिली ग्रामीण नोंदवही. तोवर कॅन्सरचे आकडे मुंबई, मद्रास, बंगळूर असल्या शहरांचे असायचे. खेड्यात कुणाला काय होतं हे सरकारलाही माहीत नव्हतं. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली गावं घेतली. शहरात रुग्ण हॉस्पिटलात येतो आणि नोंद होते. खेड्यातली बाई येतच नाही, ती घरातच मरते. म्हणून इथे माणसं गावात जाऊन विचारायची. चावडीवर, देवळात, अंगणवाडीत बायकांना गोळा करून काय दिसलं तर सांगा म्हणायची. त्यात दिसलं की खेड्यातल्या बायकांत सगळ्यात जास्त कॅन्सर गर्भपिशवीच्या तोंडाचा.

---

नर्सताई

पुढचं वेगळ्या प्रतिसादात लिहिते, मोठं झालं.

त्याच हॉस्पिटलने टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर १९९९ ला एक अभ्यास सुरू केला. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गटांचे चार भाग पाडले. एका भागात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप म्हणजे पेशींची तपासणी, तिसऱ्यात पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचं, डाग पांढरा दिसला की संशय. चौथ्या भागात नेहमीची सेवा. आठ वर्षांनी बघितलं तर आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे. २००९ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. जगभर तपासणीचे नियम ठरवताना आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या बायकांचा आधार घेतला जातो.

असल्या कामात खरी मेहनत कुठे असते ते सांगते. बाईला तपासणीला आणणं. "मला काय बी होत न्हाई, मग कशाला?" हे पहिलं वाक्य. "मालकाला विचारून सांगते" हे दुसरं. सासू बाहेर बसलेली. आत पडदा लावलेला, कंदिलासारखा दिवा, आणि बाई लुगड्याचा पदर दातात धरून छताकडे बघत पडलेली. तपासून झालं की उठून सरळ शेतात. दुपारचा खाडा परवडत नाही.

तेव्हा चादरवाले, विधेयक कुठे म्हणून विचारलंत ना. ह्या कामाला दत्तांनी हात लावला असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरांचं आणि गावात फिरणाऱ्या पोरीबाळींचं. पण खेड्यात 'कॅन्सर' हा शब्द तोंडातून काढायला लोक घाबरायचे तेव्हा नर्गिसबाईंचं नाव पाटीवर होतं. "एवढ्या मोठ्या बाईला झालेला, लपवायचं काय त्यात" असं आम्ही सांगू शकत होतो. त्याचा उपयोग झाला.

---

शेंगाचटणी

ताई, उठून उभं राहून वाचलं.

आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका, सकाळी उठल्या की आधी मिश्री. बोट काळं, हिरड्या काळ्या. तोंडाचा कॅन्सर पण बघतात ना तिथे?

---

नर्सताई

हो, बघतात. आणि वर्षाची वाट बघू नका म्हणावं. तोंडात पांढरा चट्टा, तिखट सोसत नसेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर आधी सिव्हिलला दाखवा. पुढे कुठे पाठवायचं ते तिथले डॉक्टर सांगतील.

---

चादर_नंबर_वन

नर्सताईंपुढे माझं काही चालत नाही. तरी संजय दत्तचा विषय निघाल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. बापाचं गुणगान करायचं आणि पोराच्या एके-५६ वर पांघरूण घालायचं, असं चालणार नाही.

---

मॅटिनी_शो

पांघरूण नाही घालत. उलट माझ्या मते इथेच दत्तांची खरी परीक्षा झाली, आणि त्यात ते पूर्ण पास झाले असं मीही म्हणणार नाही.

डिसेंबर ९२, जानेवारी ९३. मुंबई जळत होती. दत्त दंगलग्रस्तांत मदत घेऊन फिरत होते, त्यात मुसलमान वस्त्या जास्त. घरी धमक्यांचे फोन यायला लागले. सरकार आपलं, पक्ष आपला, आणि दंगल आवरत नाही म्हणून त्यांनी खासदारकीचा राजीनामा पाठवला. याकूबने ज्यांचं घर वाचवलं त्या माणसाने दुसरं काय करायचं होतं? मतांचा हिशोब केला असता तर गप्प बसणं सोयीचं होतं.

आणि त्याच महिन्यात पोराने घरात एके-५६ ठेवली. घरच्यांच्या जिवाला धोका होता म्हणून, असं त्याचं म्हणणं. मार्चमध्ये बॉम्बस्फोट, एप्रिलमध्ये अटक, टाडा हा दहशतवादविरोधी कायदा लागला. ज्या माणसाने दंगलीत सगळ्यांना हत्यार खाली ठेवायला सांगितलं, त्याच्याच घरात हत्यार. यावर मी काय बोलू?

पुढे बापाने पोरासाठी सगळ्यांचे उंबरे झिजवले. आपल्या पक्षाने पाठ फिरवली. शेवटी ज्यांच्याविरुद्ध आयुष्यभर लढले त्या बाळासाहेबांकडे मातोश्रीवर गेले. बाळासाहेब बाजूने उभे राहिले. ऑक्टोबर ९५ ला सुप्रीम कोर्टाकडून जामीन मिळाला. ९६ आणि ९८ ला दत्त उभेच राहिले नाहीत, दोन्ही वेळा शिवसेनेचे सरपोतदार आले.

---

चादर_नंबर_वन

हेच म्हणतोय. टाडात आत गेलेली शेकडो पोरं होती, त्यांच्या बापांना कुणी मातोश्रीत घेतलं असतं का? ओळख वापरली. तुमची पहिली पोस्ट परत वाचा मॅटिनीशेठ.

---

मु_पो_अंधेरी

मी त्या दिवसांत इथेच होतो. चादरवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे, आणि बाप म्हणून मीही तेच केलं असतं हेही बरोबर आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आमच्या चाळीतले शिवसैनिक म्हणायचे, "पोरगं वाया गेलं, म्हातारा सोनं आहे." ९९ ला म्हातारा परत उभा राहिला, सरपोतदारांना हरवून आला. त्या चाळीतल्या काहींनी त्या वेळी पहिल्यांदा पंजाला मत दिलं. मला त्यांनी सांगितलंय, घरात मात्र सांगितलं नव्हतं.

---

हुरडा_सीझन

'मुन्नाभाई'तली (२००३) बापलेकाची मिठी बघताना हे सगळं डोक्यात येतं. दोघांना त्यात अभिनय करावा लागला असेल असं वाटत नाही. तो सीन लागला की आमचे वडील चष्मा पुसायला बाहेर जातात, कारण विचारलं की सांगतात, धूळ.

---

दक्षिणकसबा_आज्जी

नर्गिसबद्दल दोन ओळी कुणी लिहिल्या नाहीत. दत्तांच्या आधी ती खासदार झाली, १९८० ला राज्यसभेवर. तिथे जाऊन सत्यजित रायांवर गरिबी परदेशात विकतात म्हणून घसरली होती. 'मदर इंडिया'तल्या राधाने असं म्हणावं याची मला तेव्हाही गंमत वाटली होती. वर्षभरात गेलीच बिचारी.

आणि दत्तांनी स्वतः काढलेल्या सिनेमांबद्दल पण लिहा. 'यादें' (१९६४) मध्ये पडद्यावर एकटा तोच, शेवटी नर्गिसची नुसती सावली. गिनीज बुकात नोंद आहे. 'रेश्मा और शेरा'त (१९७१) घरदार पणाला लावलं आणि आपटला. वहिदाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि अमिताभला मुक्याचं काम दिलेलं, त्याचा तो आवाज असताना!

---

मॅटिनी_शो

आज्जी, तुम्हीच पुरवणी धागा काढा. मी पहिला प्रतिसाद देतो.

राहिलेलं उरकतो. २००४ ला संजय निरुपमांना हरवून पाचव्यांदा आले, मनमोहन सिंगांनी युवक आणि क्रीडा खातं दिलं. मंत्रिपद मिळालं तेव्हा वय पंचाहत्तरीला टेकलेलं. वर्षभरात, २५ मे २००५ ला, बांद्र्याच्या घरी झोपेतच गेले. मंत्री म्हणून छाप पाडायला वेळच मिळाला नाही. पोटनिवडणुकीत ती ७८ दिवस चाललेली मुलगी उभी राहिली आणि आली. संजयला सहा वर्षांची शिक्षा झाली ती २००७ मध्ये. ते ऐकायला बाप नव्हता, एवढं एक बरं झालं.

---

चादर_नंबर_वन

मुलीला तिकीट. घराणेशाही. हे पण लिहून ठेवा वहीत.

---

मॅटिनी_शो

लिहिलं. पण ती चालली होती. बाकीच्या घराण्यांतली पोरं गाडीतून उतरत नाहीत.

---

साखरपेठ_अण्णा

सगळं ठीक, पण मुख्यमंत्री कोण झाला ते अजून सांगितलं नाही कुणी.

---

वैराग_व्हाया_बार्शी

अण्णा, एनटीआरच्या जावयाने, चंद्राबाबूंनी, पुढे सासऱ्याचं काय केलं तो वेगळा धागा काढा, आम्ही सगळे येतो. नर्सताई, तुमचे दोन्ही प्रतिसाद आमच्या गावच्या बचत गटाच्या ग्रुपवर टाकू का? नाव काढून टाकतो.

---

नर्सताई

टाका. नाव राहिलं तरी चालेल, माझं खरं नाव थोडंच आहे ते. फक्त १,३१,७४६ चा आकडा नीट टाका, मागच्या वेळी कुणी तरी तो पुढे पाठवताना एक शून्य वाढवलं होतं.